सोमाभाऊ आणि तिसरी फेरी

गाडी घेऊन आलेल्या माणसाला सोमाभाऊ आधी बसवायचे. गाडी स्टँडवर, माणूस बाकावर आणि ते स्वतः समोर, द्राक्षांच्या उलट्या घातलेल्या क्रेटवर. चावीला हात लावायचे नाहीत. "सांगा," एवढंच म्हणायचे.

"भाऊ, स्लो बिघडलाय. जरा सेट करून द्या."

"हे तुम्ही औषध सांगितलं. दुखणं काय हाय?"

मग प्रश्न सुरू व्हायचे. गाडी सकाळी बंद पडते की दुपारी? इंजिन थंड असताना की तापल्यावर? टाकीत पेट्रोल किती होतं? आदल्या दिवशी चालवली होती की नुसती उभी होती? चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा झुंईऽ असा आवाज येतो, तो पुरता संपू देता की त्याआधीच बटण दाबता? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक माणसं इकडेतिकडे बघायची. एकदा एक गृहस्थ ठासून म्हणाले, "मी रोज चोक ओढूनच चालू करतो."

"या गाडीला चोक नसतो साहेब," सोमाभाऊ म्हणाले. "हिचं इंजेक्शनवर चालतं. तुम्ही रोज काय ओढता तेवढं मला दाखवा."

नाशिकच्या मखमलाबाद रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. एक शटर, मागे एक खोली, खोलीत ते आणि यमुनावहिनी. मूळचे सुरगाण्याकडचे, डोंगरातल्या एका पाड्यावरचे. गावाकडचं कुणी आलं की त्यांची भाषा अशी बदलायची की मला निम्मी कळायची नाही. उंची बेताची, हात मात्र शरीराच्या मानाने मोठे. पान्याला हात लावण्याआधी ते हात धुवायचे आणि काम झाल्यावर पुन्हा धुवायचे. दुपारी एक वाजता काहीही उघडं पडलेलं असो, नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी खायला आत जायचे. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकालाही अर्धी मिळायची, त्याला नको असली तरी.

शटरच्या वर पत्र्याची निळी पाटी होती. तिच्यावर त्यांचं नाव, खाली 'दुचाकी दुरुस्ती', आणि त्याखाली त्यांच्याच हाताने रंगवलेली एक ओळ: 'एका दुखण्याला गाडी तिसऱ्यांदा आली, तर ही पाटी उतरवीन.'

नवीन माणूस ती ओळ वाचून हसायचा. जुनी माणसं हसायची नाहीत, कारण पाटी उतरली तर सोमाभाऊ नाशिक सोडतील हे त्यांना ठाऊक होतं. ते स्वतःच सांगायचे. "मग गावाला जाईन. भात हाय, नागली हाय, जीप चालवता येते. उपाशी थोडाच राहतो? पण ज्याला दुखणं कळत नाय, त्यानं इथं बसून लोकांच्या गाड्या उघडू नये."

तरुणपणी ते गावाकडची माणसं जीपने नाशिकला आणायचे. द्राक्षांच्या कामाला निघालेली कुटुंबं, भांडी, कोंबड्या, सगळं एका जीपमध्ये. घाटात ती जीप एकाच दुखण्याने तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा मालकाच्या मेकॅनिकने "आता नाही पडणार" म्हणून परत दिली होती. तिसऱ्या वेळी बायाबापड्यांनी उतरून जीप ढकलली. त्यांत एक सात महिन्यांची गरोदर बाई होती. सोमाभाऊ हे सांगताना आवाज चढवायचे नाहीत. "ती ढकलत व्हती आन् मी स्टेअरिंगवर," एवढं म्हणून पाना उचलायचे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा एकटी गेले ती दिवाळीनंतर. गाडी माझ्या भावाची. तो बंगळुरूला गेला आणि चार वर्षं वापरलेली मोटरसायकल माझ्याकडे आली. अंबडच्या एका कारखान्यात मी मोजमापाच्या विभागात होते. दिवसभर सुट्या भागांची जाडी मोजायची आणि आकडे लिहायचे. फार बोलावं लागत नाही म्हणून ते काम मला आवडायचं. गॅरेजच्या बाकावर तीन पुरुष बसले होते. सोमाभाऊ म्हणाले, "सांगा ताई." मी गाडीकडे बघत राहिले.

त्यांनी एक लांबडी, जाड पुठ्ठ्याची वही माझ्यापुढे केली. "बोलायचं नसंल तर लिवा. हितं परतेकाचं पान हाय."

मी अर्धं पान लिहिलं, इंग्रजीत, मुद्द्यांना आकडे घालून. त्यांनी वही लांब धरून पाहिली, मग जवळ.

"अक्षर मोत्यावानी हाय," ते म्हणाले. "पण मराठीत लिवा ताई. गाडी नाशकात बंद पडते ना?"

बाकावरचे रामदासअण्णा मोठ्याने हसले. अण्णांची मखमलाबादला फुलशेती. झेंडूची पोती बाजारात टाकून झाली की ते रोज इथे येऊन बसायचे, गाडी ठीक असली तरी. "लिही बाळा, लिही," ते मला म्हणाले. "याला इंग्रजीत फक्त बिल कळतं."

मग मी मराठीत लिहिलं. शाळा सुटल्यापासून एवढं सलग मराठी मी लिहिलं नव्हतं. 'गाडी सिग्नलला थांबली की मरते.' सोमाभाऊंनी वाचून मान हलवली. "मरत नाय. दम सोडते. मेली असती तर परत चालू झाली असती का?" मी खोडून 'दम सोडते' लिहिलं. सकाळी चालू व्हायला वेळ लागतो, उभी असताना रेस आपोआप खाली-वर होते, हेही लिहिलं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी बंद पडते तेव्हा मागचे लोक हॉर्न वाजवतात, हे लिहायची गरज नव्हती, पण तेही लिहिलं. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

तो शनिवार होता आणि शनिवारी गाडी शहाण्यासारखी चालत होती. त्यांनी इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग बदलला, मग आतून एक गुंडाळी आणली. वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात त्यांचा स्कॅनर असायचा. तो जोडला तर कुठलाच दोष दिसेना. "ह्ये खोटं नाय बोलत," ते म्हणाले, "पण इचारलं तेवढंच सांगतं." माझ्या पानावर त्यांनी लिहिलं: फेरी पहिली.

पंधरा दिवसांनी दुसरी फेरी झाली. या वेळी त्यांनी टाकीतून पंपच बाहेर काढला आणि तळाचं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत धरलं. थोड्या वेळाने बाटलीच्या बुडाशी वेगळा थर दिसू लागला. पाणी.

"सापडलं!" सोमाभाऊंना इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "पेट्रोल कुठं भरता?"

मी आमच्या रस्त्यावरच्या पंपाचं नाव सांगितलं. ते हात न धुता उठले. बाटलीसह, अण्णांची गाडी स्वतः चालवत थेट त्या पंपावर गेले आणि लोकांसमोर मॅनेजरला अद्वातद्वा बोलून आले. नंतर कितीतरी दिवस बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला "तिथं भरू नका" असं सांगणं चालू होतं. मीही पंप बदलला. टाकी धुऊन, कोरडी करून मिळाली होती. पानावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं: फेरी दुसरी, दुखणं सापडलं.

पुढच्याच सोमवारी मुंबई नाक्याला गाडीने दम सोडला.

मी ती कडेला घेतली. आधी राग आला, मग निळी पाटी डोळ्यांसमोर आली. आता मी गेले की ती तिसरी फेरी. मी गेले नाही. त्या सोमवारी उशिरा पोचले. त्यापुढच्या सोमवारी गाडी घरीच ठेवून बसने गेले. तिसऱ्या सोमवारी पुन्हा धाडस केलं आणि सिग्नलपासून कोपऱ्यापर्यंत गाडी ढकलली. घरी विचारलं तर ठीक चाललीये म्हणायचे. शनिवारी गॅरेजवरून जाताना मुद्दाम हात करायचे. सोमाभाऊही हात करायचे आणि अण्णांना म्हणायचे, "बघा, कशी चाललीये."

तिसऱ्या सोमवारी नेमके अण्णाच फुलं टाकून त्या बाजूने परत येत होते.

रविवारी सकाळी सोमाभाऊ आमच्या दारात उभे. धुतलेला शर्ट, काखेत वही. पप्पा समोरच पार्किंगमध्ये पाइप लावून गाडी धूत होते. हे त्यांचं रविवारचं काम. स्वतःची स्कूटर आणि माझी मोटरसायकल, दोन्ही, साबण लावून.

"ताई, अण्णा म्हणतात तुम्ही गाडी ढकलत व्हत्या."

मी मान हलवली.

"किती वेळा?"

"तीन... म्हणजे दोन. एकदा बसने गेले."

"मला का नाय सांगितलं?"

"पाटी..." मी म्हणाले.

ते जिन्याच्या पायरीवर बसले. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज वाटल्यासारखं काहीतरी होतं. "म्हंजे माझी पाटी राहावी म्हणून तुम्ही गाडी ढकलली," ते म्हणाले. "आन् मी अण्णाला सांगतोय, बघा कशी चाललीये."

मग त्यांनी वही माझ्या हातात दिली. "सगळं लिवा. कवा कवा पडली ते." मी तिथेच उभी राहून लिहिलं. त्यांनी वाचलं आणि बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नेलं.

"सगळे सोमवारच."

"हो."

"बुधवारनंतर?"

"चांगली चालते."

"गाडीला काय कामावर जायचा कंटाळा हाय का?" असं म्हणत ते वळले आणि पप्पांच्या हातातल्या पाइपकडे बघत राहिले. पाणी माझ्या गाडीच्या टाकीवरून वाहत होतं.

"साहेब, पाणी बंद करा. पुसू नका."

पेट्रोलच्या झाकणाभोवती एक गोल खळगा असतो. त्यात पाणी साचलं होतं, वाटीत साचावं तसं. आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. पाणी हलेना. "हितं एक भोक असतं," सोमाभाऊ हळू म्हणाले. "पाणी त्यातून नळीनं खाली रस्त्यावर जायला पाहिजे. जात नाय, म्हणून रातभर झाकणाच्या जुन्या रबरातून टाकीत उतरतं. आन् सोमवारी सकाळी पंप पेट्रोलाऐवजी तेच ओढतो." त्यांनी खिशातून क्लच केबलची एक तार काढली, फडक्याने पाणी टिपलं आणि तार भोकात घालून हळूहळू फिरवली. तारेच्या टोकाशी काहीतरी आलं. ते त्यांनी तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता. फुगलेला, कुंकवाने लाल झालेला.

पप्पा हसले. "आमच्याच घरचं काम! हिची आई सणाला दिसेल त्यावर अक्षता टाकते."

मला माहीत होतं की ते तसं नव्हतं. दसऱ्याआधी पप्पांनीच गाडी सर्व्हिसिंगला गॅरेजवर टाकली होती आणि खंडेनवमीला ती तिथेच होती. दरवर्षी त्या दिवशी सोमाभाऊ गिऱ्हाइकांच्या गाड्या रांगेत लावून पूजा करायचे. अण्णांच्या झेंडूचे हार, हळदकुंकू आणि प्रत्येक टाकीवर मूठभर अक्षता. आमची गाडी पूजा होऊनच घरी आली, म्हणून आईने घरी पुन्हा केली नव्हती. हे मी बोलले नाही. मला ते बोलायचंच नव्हतं. सोमाभाऊंनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पप्पा चहाला बोलवत होते, दाणा एवढासा होता, फेकून दिला असता तर विषय तिथेच संपला असता.

त्यांनी दाणा नखाने कुरतडला. कुंकवाखाली तांबूस साल दिसली.

"नाय साहेब," ते म्हणाले. "तुमच्या घरच्या तांदळाला अशी साल नसते. हा जाडा भात आमच्या शेतातला, हातसडीचा. पूजेला मी दुसरा वापरत नाय." दाणा खिशात ठेवत म्हणाले, "माझाच हाय."

चहा न घेताच ते गेले.

सोमवारी संध्याकाळी कामावरून येताना मी गॅरेजपाशी थांबले, तर स्टुलावर चढून सोमाभाऊ पाटीचे स्क्रू काढत होते. खाली अण्णा.

"अरे, अक्षता पडल्या त्यात तुझा काय दोष? देवाचं काम हाय!"

"देवानं नाय टाकल्या. मी टाकल्या."

"पोरगी तर गॅरेजला आलीच नाय. तूच तिच्या घरी गेलास. मग तिसरी फेरी झाली कुठं?"

"अण्णा, तुम्ही फुलं मोजतानाबी असंच करता का?"

अण्णांनी स्टूल घट्ट धरलं. यमुनावहिनी दारात भाकरीच्या पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या. "उतरवा," त्या म्हणाल्या. "लिवलंय तर उतरवा. पण गावाला कवा जायाचं ते आधी पूजेच्या त्या सत्तावीस गाड्यांना इचारा. त्यांच्यावरबी टाकल्याच की मुठी भरून."

स्टुलावर सोमाभाऊंचा हात थांबला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. पाटी खाली आली आणि ती आत ठेवून ते वही घेऊन बसले. पूजेला कुणाकुणाच्या गाड्या होत्या ते आठवून आठवून सांगू लागले आणि यादी लिहायला मला बसवलं. फोनही मीच केले. अनोळखी माणसांना एवढे फोन मी आयुष्यात केले नव्हते. प्रत्येकाला काय सांगायचं तेही त्यांनी नेमून दिलं होतं: आमच्या अक्षतांनी झाकणाचं भोक बुजलं असेल, येऊन दाखवून जा, चूक आमची. शेवटचे दोन शब्द मी एकदा गाळले, तर त्यांनी फोन मागून घेऊन स्वतः सांगितले.

आठवडाभरात सगळ्या गाड्या येऊन गेल्या. चार टाक्यांच्या भोकांत दाणे निघाले. त्यांतल्या एका माणसाला तर गाडीचा काही त्रासच नव्हता, कारण तो ती कधी धूतच नसे. "तुमचा आळस तुम्हाला पावला," असं म्हणून सोमाभाऊंनी त्याच्याही गाडीच्या भोकात तार फिरवली. त्या दिवशी ते दाणा सापडल्यापासून पहिल्यांदा हसले.

गावाला जायचं मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. वहिनींनी मला एकदा आत बोलावून सांगितलं, की ते गावच्या भावाशी जीपबद्दल बोललेत. "तुम्ही बोला ताई," त्या म्हणाल्या. मी काय बोलणार होते? मलाच पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला नव्या कामावर रुजू व्हायचं होतं. ते सांगायला शनिवारी गेले, तर सोमाभाऊ धुतलेला शर्ट घालून तयार होते.

"ताई, एक काम राहिलंय. पेट्रोलपंपावर सोडा मला."

ते कधी कुणाच्या मागे बसत नसत, गिऱ्हाइकाच्या तर नाहीच. त्या दिवशी माझ्या मागे बसले. वाटेत दोन सिग्नल लागले. दोन्हीकडे गाडी एका सुरात उभी राहिली. दुसऱ्या सिग्नलला सोमाभाऊ मागून एवढंच म्हणाले, "पाटी व्हती ना, म्हणून घाई झाली मला. तिसरी फेरी नको म्हणून दुसरीलाच दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलला. झाकण दोनदा उघडलं मी. खळग्यात बघितलं नाय."

पंपावर मोठी रांग होती. सोमाभाऊ उतरून सरळ मॅनेजरपुढे जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, त्या दिवशी बाटली घेऊन आलो व्हतो, तो मी. पाणी तुमच्या पेट्रोलात नव्हतं. चूक माझी व्हती."

मॅनेजर पावती फाडत होता. "कोणती बाटली?"

"ती... पाण्याची. लय भांडलो व्हतो मी."

"इथे रोज पाच जण भांडतात हो. कुणाकुणाला लक्षात ठेवू?"

"पण मी लोकांनाबी सांगितलं, हितं भरू नका म्हणून."

"मग आता सांगा, भरा म्हणून," मॅनेजर म्हणाला. "केलं माफ. बाजूला व्हा, लाईन अडतेय."

एवढ्या तयारीने आणलेली माफी इतक्या स्वस्तात गेल्यामुळे सोमाभाऊ जरा गोंधळून बाजूला झाले. मला हसू आवरेना. मी गाडीवर बसून तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं तेव्हा ते तिथेच उभे होते, पण मॅनेजरकडे बघत नव्हते. ते रांगेकडे बघत होते. पुढच्या दोन-तीन गाड्यांची झाकणं वर होती, मागचे लोक चावी लावून तयार होते. इतक्या उघड्या टाक्या त्यांना एका जागी बघायला मिळाल्या नसतील.

ते पहिल्या गाडीपाशी गेले आणि खळग्यात वाकले.

"ओ, काय बघताय?" गाडीवाला म्हणाला.

"भोक बुजलंय तुमचं. मातीनं. पाणी जातं टाकीत. सोमवारी त्रास देते का?"

"रोजच देते."

तार खिशात होतीच. ती फिरली. मग दुसरी गाडी, मग तिसरी. रांग पुढे सरकत होती आणि ते तिच्या उलट दिशेने एकेका टाकीवर वाकत मागे मागे जात होते. काही जण वैतागत होते, काही जण उतरून स्वतःच झाकण उघडून थांबत होते.

मी गाडी ढकलत त्यांच्याजवळ नेली. वहिनींचं काम माझ्याकडे होतं आणि पुन्हा भेट होणार नव्हती. "सोमाभाऊ," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "मग गावाला कधी जाताय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या टाकीच्या भोकात त्यांची तार अडकली होती, ती ते अगदी जपून, हळूहळू फिरवत होते.

"आज नाय जमायचं," ते म्हणाले. "ही लाईन तर बघा केवढी हाय."